बालगंधर्व : स्त्रियांनी त्यांच्यापासून काय घ्यावे?

मोठ्या नावाचा माणूस पाहिला की त्याच्यासारखे व्हावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात नवल नाही, आणि पापही नाही. मात्र कोणाचे काय घ्यावे व काय तिथेच ठेवावे, एवढा विवेक जागा असला पाहिजे. आज आमच्या परतवाड्याच्या बाजारात कापडाच्या दुकानी घटकाभर बसले तरी दिसते की, बाया मालिकेतल्या सुनेच्या नावाने साडी मागतात. सिनेमातल्या नटीसारखे मंगळसूत्र, तिच्यासारखी केसांची ठेवण, तिच्यासारखे बोलणे, हे मोबाईलच्या पडद्यावरून मेळघाटच्या पायथ्यापर्यंत येऊन पोचले आहे. हरिपाठाला जमणाऱ्या आयाबहिणी आम्हांस विचारतात की, असल्या नामवंतांचा कित्ता पोरींनी गिरवावा की नाही? कोणी म्हणते, गिरवू द्या, पोरी जगात पुढं जातील. कोणी म्हणते, छे! त्यानंच पोरी बिघडल्या.

आम्हांस ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. शिवाय हा प्रश्न काही आजचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील घरंदाज बायका एका नटाकडे पाहून लुगडे नेसत, गजरा माळीत, दागिने घडवीत. तो नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. बायकांनी ज्याच्याकडे पाहून नटावे तो पुरुष होता, ही यातली मोठी गंमत! त्यांचे आयुष्य आरंभापासून शेवटपर्यंत पाहिले तर वरच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप सापडेल असे आम्हांस वाटते. म्हणून ते येथे सांगत आहोत.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी सांगलीकडील नागठाणे या गावी झाला. वडील श्रीपाद कृष्णाजी, आई अन्नपूर्णाबाई. घरची स्थिती बेताची, पण मुलाच्या गळ्यात देवाने अमृत घातले होते. दहा वर्षांचा असताना पुण्यास लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. तेच नाव जन्माचे झाले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे लक्ष या मुलाकडे गेले. त्याला कानाचे दुखणे होते. महाराजांनी मिरजेस उपचार करविले. तेथेच १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरला आणि शकुंतला होऊन लोकांपुढे आला. भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला आणि गळ्यातल्या देणगीला विद्येची जोड मिळाली.

त्या काळी बहुतेक नाटक मंडळ्यांत बायकांची कामे पुरुषच करीत. कुळवंत बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणे म्हणजे कुळाला काळिमा, अशी समजूत होती. म्हणजे बाईने स्वतः बाई म्हणून लोकांपुढे उभे राहायचे नाही. पुरुषाने बाईचे सोंग घेतले तर मात्र त्याला डोक्यावर घ्यायचे! हा उलटा न्याय ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढची सगळी हकीकत याच्यावरच उभी आहे.

१२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. भामिनीचे काम नारायणरावांचे. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींना वाटणे साहजिक होते. पण नारायणराव म्हणाले की प्रयोग व्हायचा तो होईल. त्यांनी दुःख पोटात घातले, शालू नेसला, दागिने ल्याले आणि ते रंगभूमीवर उभे राहिले. नाटक गाजले. ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून आजपर्यंत सांगितली जाते, आणि ती खरीच तशी आहे. मंडळीतल्या कितीतरी माणसांचे पोट त्या एका प्रयोगावर होते. पण आम्हांस ही गोष्ट आठवली की दुसरेही एक माणूस आठवते. ज्या बाईच्या मांडीवरून ते लेकरू गेले ती आई, लक्ष्मीबाई, त्या रात्री कोठे होती, तिच्याजवळ कोण बसले होते, हे सांगायची गरज कोणास वाटली नाही. ज्यांच्या नेसण्याची नक्कल शेकडो बायका करीत त्यांच्या घरातली खरी स्त्री लोकांच्या बोलण्यात कधी आलीच नाही. नामवंतांच्या चरित्रात असे बऱ्याचदा होते. दिवा सगळ्यांना दिसतो. त्यात तेल कोणी घातले ते कोण विचारतो?

१९१३ साली नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग वैभवाला पारावार राहिला नाही. पडदे उंची, गालिचे उंची, अत्तर खरे, भरजरी शालू खरे. खोटे म्हणून काही रंगभूमीवर आणायचे नाही असा नारायणरावांचा हट्टच होता. प्रेक्षकाला ते मायबाप मानीत आणि मायबापाला हलके काही द्यायचे नाही असा त्यांचा बाणा होता. त्यांचे चालणे, पदर सावरणे, लाजणे, रुसणे पाहून बायका थक्क होत. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांतून त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची, दागिन्यांची तऱ्हा उचलली गेली. आमच्या वऱ्हाडातल्या कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला शालू कुठला आणि अत्तर कुठलं! पण तिच्याही कानी ते नाव पोचले होते, कारण पुढे तबकड्या निघाल्या आणि गंधर्वांचे गाणे गावोगाव वाजू लागले.

याच काळात, आमच्या परतवाड्यापासून जवळच, चांदूर बाजाराकडील माधान गावी, दुसरा एक पुरुष स्त्रीवेष धारण करीत असे. ते म्हणजे श्रीसंत गुलाबराव महाराज. १८८१ साली जन्म, वर्षाच्या आतच दोन्ही डोळे गेलेले. ज्ञानेश्वर माउलींची आपण कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी, असा त्यांचा भाव होता. त्या भावाने ते कुंकू लावीत, मंगळसूत्र घालीत. स्वतःला ते रूप आरशात पाहायला त्यांना डोळे नव्हते, आणि दुसऱ्याने पाहावे ही इच्छाही नव्हती. ज्याच्यासाठी नटायचे तो पाहतो आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. १९१५ साली पुण्यास त्यांनी देह ठेवला, तेव्हा नारायणरावांची कीर्ती चढतीवर होती. आम्ही एकाला उंच आणि दुसऱ्याला खाली बसवीत नाही. नटाचा धंदा नटाचा, संताचा मार्ग संताचा. पण दोघांच्या लुगड्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट कळते. लुगडे तेच असते, ते कोणासाठी नेसले यावर त्याचा अर्थ ठरतो. आपल्या मुलीने साडी नेसताना तिच्या मनात कोणाचे डोळे आहेत, हा विचार आईने एकदा करावा.

आता नारायणरावांच्या तीन भूमिका घेऊ. आम्हा वारकऱ्यांना आणि वऱ्हाडकरांना त्या जवळच्या आहेत.

पहिली रुक्मिणीची. १० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे स्वयंवर नाटक रंगभूमीवर आले. त्यातली रुक्मिणी म्हणजे बालगंधर्वांच्या गाण्याचे शिखर, असे जाणते मानतात. बायकांनी या रुक्मिणीचे काय घेतले? शालू घेतला, अलंकार घेतले, लाजण्याची लकब घेतली. पण रुक्मिणीमाता तर आमची माहेरवाशीण! अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर हे तिचे माहेर. तिथून आषाढीला पंढरपुरास तिची पालखी जाते, आणि ती परंपरा चारशे वर्षांहून जुनी मानतात. आमच्या या लेकीने केले काय? भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी तिचे लग्न ठरविले, तेव्हा तिने रडत बसायचे सोडून श्रीकृष्णाला स्वतः पत्र धाडले आणि आपला वर आपण निवडला. राजाच्या घरची मुलगी भावाच्या मर्जीविरुद्ध सत्याच्या बाजूने उभी राहिली. घ्यायचे तर हे धैर्य घ्यावे. ते घ्यायला पैसा लागत नाही. पण तेच घेणे अवघड, म्हणून शालू घेऊन काम भागवले जाते.

दुसरी भूमिका सिंधूची. राम गणेश गडकरी यांनी एकच प्याला हे नाटक लिहिले आणि ते रंगभूमीवर येण्यापूर्वीच २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातल्या सावनेर गावी ते निवर्तले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास पहिला प्रयोग झाला. सुधाकर नावाचा बुद्धिमान वकील दारूच्या पायी धुळीला मिळतो आणि त्याची बायको सिंधू दळणकांडण करून त्याच्यामागे मरणापर्यंत जाते, अशी ती कथा. भरजरी वस्त्रांचे वेड असलेल्या नारायणरावांनी सिंधूसाठी फाटके लुगडे नेसले, जात्यावर बसले आणि अवघा प्रेक्षक रडविला. नट म्हणून त्यांची खरी थोरवी आम्हांस इथे दिसते.

पण रडून झाल्यावर लोकांनी काय केले? मुलीला सांगितले, सिंधूसारखी हो. मुलाला, सुधाकरासारखा होऊ नकोस, हे तितक्या निकराने किती बापांनी सांगितले? गडकऱ्यांनी नाटक लिहिले ते दारूवर. समाजाने त्यातून बाईच्या सोसण्याचा धडा काढला. परतवाड्याच्या आसपासच्या खेड्यांतून आम्ही हिंडतो तेव्हा अशा सिंधू अजून भेटतात. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायचे, संध्याकाळी तो पैसा नवऱ्याच्या बाटलीत जायचा, वर मार खायचा, आणि शेजारपाजार म्हणणार की बाई मोठी सोशिक हो! आमचे गाडगेबाबा असे कधी म्हणाले नाहीत. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला तो फकीर कीर्तनात उभा राहिला की बायांना सोसा म्हणून सांगत नसे. दारू पिणाऱ्या बाप्यांनाच सगळ्यांदेखत जाब विचारी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही गावोगाव तेच केले. सिंधूचे दुःख पाहून डोळ्यांना पाणी यावे, हे योग्य. पण ते दुःख आपल्या लेकीपुढे आदर्श म्हणून ठेवू नये. तिच्यापासून घ्यायची ती कष्टाची लाज न बाळगण्याची वृत्ती. वकिलाची बायको असून ती जात्यावर बसली आणि पोट भरले, हे घ्यावे. बाकीचे सुधाकराच्या माथी मारावे.

तिसरी भूमिका कान्होपात्रेची, १९३१ सालची. मंगळवेढ्याची ही मुलगी शामा नावाच्या नायकिणीच्या पोटी आली. रूपाने आणि गाण्यानाचण्याने तिचे नाव सर्वदूर गेले होते. म्हणजे आजच्या भाषेत ती नामवंतच. पण ते नाव तिला बेडीसारखे टोचत होते. वारकऱ्यांची दिंडी दारावरून गेली, त्यांच्याबरोबर ती पंढरीस आली आणि विठोबाची झाली. बिदरच्या बादशहाने रूपाची कीर्ती ऐकून तिला आणायला माणसे धाडली, तेव्हा तिने देवाच्या पायांवर प्राण ठेवला. मंदिराच्या आवारात तिचे स्थान आहे आणि तेथले तरटीचे झाड वारकरी अजून हात जोडून पाहतात. जिला सगळे जग पाहायला धावत होते तिने जगाच्या नजरेतून सुटण्यासाठी देवाला हाक मारली. ही कथा नारायणराव गात, तेव्हा थिएटराचे देऊळ होई असे म्हणतात. पुढे प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या १९३५ च्या बोलपटात ते एकनाथ महाराज झाले, तर १९३७ च्या बोलपटात मीराबाई. पण कॅमेऱ्यापुढे त्यांचा जीव रमला नाही आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले.

आता पैशाची गोष्ट. लाखो रुपये आले आणि लाखो गेले. हिशेब ठेवायचा तर दुसऱ्याने, आणि त्याच्यावर नजर कोणी ठेवायची? १९२१ च्या सुमारास मंडळी लाखाच्या वर कर्जात बुडाल्याचे उघड झाले. त्याच वर्षी ८ जुलै रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी नारायणराव आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त मानापमान केले. आपण कर्जात असताना देशाच्या फंडासाठी फुकट राबायचे, हे थोर मन झाले. कर्जाच्या बाबतीतही नादारी घेऊन हात झटकण्याची वाट त्यांनी धरली नाही. वर्षानुवर्षे नाटके करून सावकारांचे देणे फेडले. आमचे म्हणणे असे की, अत्तर आणि गालिचे हा त्यांचा दोष होता आणि कर्ज फेडणे हा गुण होता. पण बायकांनी, आणि पुरुषांनीही, त्यांच्यापासून अत्तर घेतले. ज्या आमच्या मुलुखात लेकीच्या लग्नात मोठेपणा मिरवायला वावर गहाण पडते, तिथे उधळपट्टीचा कित्ता कुणी नव्याने द्यायला नको. देणे चुकते करण्याचा मात्र हवा होता.

काळ बदलला. बोलपट आले, त्यांत खऱ्याखुऱ्या स्त्रिया दिसू लागल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गुणी बाया गाण्याच्या आणि नाटकाच्या रंगमंचावर मानाने उभ्या राहिल्या. नारायणराव पन्नाशीच्या घरात येऊनही नायिका रंगवीत होते. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. या बाईंनी तबकड्या ऐकून ऐकून गंधर्वांची गायकी गळ्यात उतरविली होती. इतर बायकांनी त्यांचे लुगडे घेतले. या बाईने विद्या घेतली. १९४० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या आणि १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केले. त्यावरून समाजात पुष्कळ गदारोळ झाला. नारायणरावांचे जे जे वाईट झाले त्याचे खापर लोकांनी त्या बाईच्या माथ्यावर फोडले. लक्ष्मीबाईंच्या मनाला काय यातना झाल्या असतील, त्या आम्ही लहान मानीत नाही. संसार सोडून दुसरीकडे मन लावणे हे कोणाही पुरुषाला शोभत नाही, मग तो गंधर्व का असेना. पण चूक पुरुषाची आणि बोल बाईला, ही आपली जुनी खोड इथेही सुटली नाही. पुढे नारायणरावांच्या पायांतले बळ गेले, पैसा गेला, दारी येणारी माणसे कमी झाली. त्या दिवसांत त्यांचे हागणेमुतणे काढायला, औषधपाणी करायला गोहरबाईच होत्या. पोटासाठी दोघे भजनाचे कार्यक्रम करीत. ज्यांनी शालूची नक्कल केली होती त्या घरांतून कितीजणी त्यांना पाहायला गेल्या असतील?

मान मात्र मिळाला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ साली गोहरबाई वारल्या. मग तीन वर्षे कशीबशी काढून १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास नारायणरावांची प्राणज्योत मालवली. आषाढी एकादशी तोंडावर आली होती, पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडले. ते आज त्यांच्या नावाने उभे आहे. लक्ष्मीबाईंच्या नावाचे काही उभे राहिले नाही, गोहरबाईंच्याही नाही.

तेव्हा नामवंतांना स्त्रियांपुढे आदर्श म्हणून ठेवावे की नाही? आमचे उत्तर असे की, सबंध माणूस म्हणून कोणालाच ठेवू नये, मग तो कितीही गुणी असो. नारायणरावांची विद्येवरची निष्ठा, प्रेक्षकाला खोटे न देण्याचा बाणा, देणे फेडण्याची सचोटी, एवढे घ्यावे आणि आनंदाने घ्यावे. मुलगी गाणे शिकते आहे ना? मग तिला सांगावे की, बालगंधर्वांनी गुरूजवळ बसून मेहनत केली, तशी कर. खेळात, शिक्षणात, शासनात ज्या बाया आज नावारूपाला आल्या आहेत त्यांच्याविषयीही हेच. त्यांची मेहनत घ्यावी. त्यांची साडी त्यांना लखलाभ. आणि ज्याची कीर्ती पोरीला सांगाल त्याचे आयुष्य शेवटपर्यंत सांगा; त्याच्या घरातल्या बाईचे काय झाले तेही सांगा. अर्धे चरित्र सांगितले की पोर फसते.

दुसरे असे की, पुरुषांनी मनात रंगविलेली बाई आणि खरी बाई यांत अंतर असते. नारायणरावांच्या काळी ती पुरुषाने रंगभूमीवर उभी केली, आज मालिका काढणारे पडद्यावर करतात. ती सदा नटलेली, सदा सोसणारी, कधी न थकणारी. तशी बाई जगात नसते, आणि तशी होण्याच्या नादात खरी बाई स्वतःला कमी लेखू लागते. आमच्या पंथात जनाबाई झाली ती दळता दळता, मुक्ताबाई झाली ती मोठ्या भावांना उपदेश करताना, बहिणाबाई झाली ती नवऱ्याचा जाच सोसूनही तुकोबांना गुरू करण्याचा निश्चय न सोडता. त्यांनी कुणासारखे दिसण्याचा यत्न केला नाही.

आणि शोधायला गेले तर फार दूरही जावे लागत नाही. वावरातून येऊन चूल पेटविणारी, पोरीची शाळा बंद पडू न देणारी, घरातला दारूचा पैसा अडवून वह्यापुस्तकं आणणारी अशी एखादी मावशी, एखादी आजी प्रत्येक गल्लीत असते. तिचे चित्र दुकानात लागत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही एवढेच. या एकादशीला मुलीला घेऊन तिच्या घरी जावे, तिच्या पाया पडावे आणि तिची हकीकत तिच्याच तोंडून मुलीला ऐकू द्यावी.

रामकृष्णहरि.